करंजाडे : पाण्याच्या वाटेवरचे नवे नगर

पनवेल शहराला लागून, गाढी नदीच्या काठी करंजाडे वसले आहे. आजच्या करंजाड्यात मूळचे खेडे शोधावे लागते. सरळ आखलेले रस्ते, सेक्टरांचे क्रमांक, ओळीने उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या इमारती, तळमजल्यावर किराणा, औषधे, फरसाण, हार्डवेअर आणि तयार कपड्यांची दुकाने, आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर घरांच्या दलालांच्या पाट्या, असे या वसाहतीचे दर्शन आहे. आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. या वसाहतीखालची जमीन एकेकाळी भाताची खाचरे, खाजणे आणि पावसाळी ओढे यांची होती. ती ओळख इमारतींच्या गर्दीत पुसट झाली असली, तरी दर पावसाळ्यात ती पुन्हा जागी होते.

व्यापारी कुटुंबांना या परिसराचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. ऐंशीच्या दशकापासून मुंबईचे घाऊक व्यापार एकामागून एक खाडीपलीकडे आले. वाशीला कृषी उत्पन्न बाजार उभा राहिला, कळंबोलीला लोखंड बाजार आला. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पेढी वाशीला, गोदाम कळंबोलीला आणि माल बंदरावर उतरणार, अशा कुटुंबाने पनवेलच्या आसपास घर पाहिले तर त्यात व्यवहाराची दूरदृष्टीच आहे. मात्र घर घेताना पाण्याची वाट पाहिली नाही आणि कागदाचा पाया तपासला नाही, तर एका पिढीची बचत एका पावसाळ्यात किंवा न्यायालयाच्या एका आदेशात वाहून जाऊ शकते. करंजाडे या दोन्ही गोष्टींचा विचार करायला लावते.

नदी, खाडी आणि भरती

माथेरानच्या डोंगररांगेतून निघालेली गाढी नदी देहरंगच्या धरणातून पनवेलकरांची तहान भागवीत पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. नदीचा हा अखेरचा टप्पा सपाट आणि भरतीच्या प्रभावाखालचा आहे. डोंगरात मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असा योग आला की नदीचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे फुगते आणि काठावर चढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या प्रलयात पनवेलचा नदीकाठही बुडाला होता. जुन्या रहिवाशांना आजही पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते सांगता येते.

नवी मुंबई आखणाऱ्यांना या भूगोलाची जाणीव होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. या शहराचे अनेक भाग भरतीच्या पातळीपेक्षा फारसे उंच नसल्यामुळे सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलावांची योजना केली. भरतीच्या वेळी झडपा बंद होऊन खाडीचे पाणी आत येत नाही. तोपर्यंत पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. ही व्यवस्था अत्यंत साधी आणि शहाणी आहे. पण ती चालण्यासाठी तलावात रिकामी जागा असावी लागते. गाळ साचला, काठावर भराव पडला, झडपा नादुरुस्त झाल्या, की तलाव नकाशावर तेवढाच राहतो आणि त्याची धारणक्षमता मात्र घटत जाते.

हिशेबाच्या भाषेत पाहिले तर तलावाचे मोल चटकन ध्यानात येते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एका हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर दहा लाख लिटर. एक हेक्टर विस्ताराचा आणि दोन मीटर खोलीचा तलाव दोन कोटी लिटर पाणी पोटात घेतो. म्हणजे वीस हेक्टर वस्तीवर पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस तो एकटा सांभाळू शकतो. दहा हजार लिटरच्या टँकरने हे पाणी उपसायचे म्हटले तर दोन हजार फेऱ्या होतील. तो तलाव बुजवून त्यावर इमारती उभ्या केल्या म्हणून ते दोन कोटी लिटर पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सोसायटीच्या वाहनतळात, तळमजल्याच्या दुकानात आणि विजेच्या मीटरपेटीत जागा शोधते.

विमानतळाच्या परिसरात याचा अनुभव आला आहे. सुमारे १,१६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि सखल जमिनीवर भराव टाकला गेला. त्यानंतर लगतच्या डुंगी, पारगाव यांसारख्या गावांत पावसाळ्यात पाणी शिरू लागल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी सातत्याने केल्या. एका बाजूची जमीन उंच झाली की दुसरी बाजू आपोआप सखल ठरते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पनवेलची तळी आणि मुंबईची नावे

करंजाड्याच्या शेजारचे पनवेल हे तळ्यांचे गाव आहे. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि राज्यातील जुन्यात जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही येथील तळ्यांची नावे. या नावांत झाडाभोवती पाणी धरण्यासाठी केलेल्या ‘आळ्या’चा ध्वनी ऐकू येतो. नळ येण्यापूर्वी ही तळी गावाची शिल्लक होती. पावसाळ्यात जमा करावी आणि उन्हाळ्यात खर्चावी, असा त्यांचा व्यवहार होता. विहिरींचे झरेही त्यांच्याच भरवशावर जिवंत राहत. आता ऑक्टोबर २०१६ मध्ये अस्तित्वात आलेल्या पनवेल महानगरपालिकेकडे त्यांची जबाबदारी आहे. काठावर फिरण्याचे मार्ग आणि दिवे येणे स्वागतार्हच आहे. पण सुशोभीकरणाच्या भिंतीने पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या, तर तलाव सुंदर दिसत दिसत आटतो. तलाव म्हणजे केवळ दिसणारे पाणी नव्हे. त्याचा पाणलोट, त्याला मिळणारे ओहळ, जादा पाणी बाहेर नेणारा सांडवा आणि पावसाळ्यात पाणी पसरते ती काठाची पट्टी, हे सारे मिळून तलाव होतो.

मुंबईच्या व्यापारी कुटुंबांना बुजलेल्या तलावांची नावे तोंडपाठ आहेत; फक्त ती तलावांची नावे आहेत हे विसरले गेले आहे. सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबी तलाव, खारा तलाव, दोन टाकी. भुलेश्वर आणि आसपासच्या गल्ल्यांत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पेढ्या थाटल्या, त्यांच्या पत्त्यात तलाव राहिला आणि पाणी गेले. त्या काळी हिवतापाच्या भीतीने अनेक टाक्या आणि तळी बुजविण्यात आली. मनुष्याचा जीव वाचविण्याचा हेतू त्यामागे होता. आजची तळी बुजतात ती चौरस फुटाच्या भावासाठी.

तलाव एका रात्रीत नाहीसा होत नाही. आधी काठावर राडारोडा पडतो. मग कोरड्या झालेल्या भागावर पत्र्याची शेड उभी राहते, तिला वीज मिळते, मग कर-आकारणीची पावती मिळते. पुढे ओहळावर स्लॅब पडतो. काही वर्षांनी ‘येथे तलाव होताच कुठे?’ असा प्रश्न विचारला जातो आणि तोपर्यंत तेथे घरे घेतलेली निरपराध कुटुंबे उभी असतात. मूळ भराव टाकणारा तेव्हा पैसे घेऊन दूर निघून गेलेला असतो.

न्यायालयांची भूमिका

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका संदिग्ध नाही. २००१ च्या हिंचलाल तिवारी प्रकरणात वने, तळी, टेकड्या ही समाजाची भौतिक संपत्ती असून तिचे रक्षण केले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०११ मधील जगपाल सिंग प्रकरण पंजाबातील पतियाळा जिल्ह्याच्या एका गावतळ्याचे होते. तळे बुजवून बांधलेली घरे बाजारभावाने रक्कम घेऊन नियमित करण्याची कल्पना न्यायालयाने अमान्य केली आणि सर्व राज्यांना ग्रामस्थांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखण्यास सांगितले. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अंतिम निर्णय देऊन तोड आणि भराव यांना मनाई केली व त्यांच्याभोवतीची पन्नास मीटरची पट्टी राखण्यास सांगितले. पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही आहे. भराव पडताना दिसला तर दिनांकासह छायाचित्रे घेऊन तहसीलदार, सिडको किंवा महापालिका आणि ही समिती यांच्याकडे लेखी तक्रार करून पोच घेणे, हा कोणत्याही नागरिकास उपलब्ध असलेला मार्ग आहे. सोसायटीच्या शिक्क्याने केलेली तक्रार एकट्याच्या तक्रारीपेक्षा अधिक गांभीर्याने घेतली जाते.

कायदा असूनही अनधिकृत बांधकामे होतात आणि त्याची किंमत घर घेणारा मोजतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ वनजमिनीवर घाईघाईने उभी राहत असलेली इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसे मृत्युमुखी पडली. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातच महाड येथे जेमतेम काही वर्षांची पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा जीव गेले. नवी मुंबईतील दिघ्याच्या नव्व्याण्णव अनधिकृत इमारतींवर कारवाईचे आदेश उच्च न्यायालयाने दिले, तेव्हा शेकडो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर संकटात आले.

व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे असे प्रकरण कल्याण-डोंबिवलीचे आहे. तेथे पासष्ट इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्यांच्या आधारे महारेराची नोंदणीही मिळविण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवाशांकडे नोंदणीकृत करार होते, मुद्रांक शुल्काच्या पावत्या होत्या. तरीही मूळ परवानगीच खोटी असल्यामुळे बाकीचे कागद निराधार ठरले. दुय्यम निबंधकाकडील नोंदणी म्हणजे व्यवहाराची नोंद. बांधकाम कायदेशीर असल्याची ती हमी नव्हे.

कागदाचा पाया

करंजाड्याच्या बाबतीत कागदांचा क्रम समजून घेण्यासाठी येथील जमिनीचा इतिहास जाणावा लागतो. नवी मुंबईसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. विमानतळग्रस्तांसाठी नंतर साडेबावीस टक्क्यांची योजना झाली आणि विस्थापित गावांतील अनेक कुटुंबांचे वडघर-करंजाडे परिसरात पुनर्वसन झाले. या भूखंडांपैकी अनेकांवर विकासकांनी इमारती उभ्या केल्या. त्यामुळे येथील घराच्या मागे सहसा तीन पक्ष असतात : भाडेपट्ट्याने जमीन देणारी सिडको, मूळ भूखंडधारक आणि विकासक. या तिघांमधला त्रिपक्षीय करार पाहिल्याशिवाय विकासकाचा हक्क सिद्ध होत नाही. करंजाडे पनवेल महापालिकेच्या हद्दीत नाही. येथे ग्रामपंचायत आहे आणि नियोजनाचे अधिकार सिडकोकडे आहेत. म्हणून ग्रामपंचायतीचा दाखला किंवा घरपट्टीची पावती दाखवून कोणी ‘सर्व कायदेशीर आहे’ असे सांगितले तर तेवढ्यावर विसंबू नये.

गावठाणाभोवती भूमिपुत्रांनी वाढत्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि ती नियमित करण्याबाबत शासनाने वेळोवेळी निर्णय घेतले आहेत. त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. परंतु त्याच नावाखाली एखाद्याने बहुमजली इमारत बांधून केवळ नोटरीच्या कागदावर सदनिका विकल्या, तर घेणाऱ्याच्या हाती मालकीचा कोणताही नोंदणीकृत दस्तऐवज राहत नाही. भाव निम्मा दिसला की व्यापाऱ्याने मालाबद्दल शंका घ्यावी हा पेढीवरचा नियम घराच्या व्यवहारातही पाळावा.

तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पहिली गोष्ट पाण्याची. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतील भाग निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांमधील भाग नियंत्रित क्षेत्र. भूखंड कोणत्या बाजूस आहे ते नकाशावर पाहावे. भूमी अभिलेख कार्यालयातील जुना गाव नकाशा मागवून त्यावर ओढा किंवा तळे दाखविले आहे का ते तपासावे. उपग्रहाची जुनी छायाचित्रे संगणकावर विनामूल्य पाहता येतात. वीस वर्षांपूर्वी त्या ठिकाणी पाणी दिसत असेल तर ते विसरू नये. घर पाहण्यासाठी एकदा तरी भर जुलैत, भरतीच्या वेळी जावे आणि शेजारच्या जुन्या माणसांना २००५ चे पाणी कुठवर आले होते ते विचारावे.

दुसरी गोष्ट हक्काची. सिडकोचा भाडेपट्टा, त्रिपक्षीय करार, हस्तांतरणाची परवानगी आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल. भूखंडावर वारसांचा वाद किंवा बँकेचा बोजा आहे का, हे त्यात कळते.

तिसरी गोष्ट परवानगीची. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांचे आहे आणि प्रत्यक्षात किती मजले उभे आहेत, हे मोजावे. विमानतळ जवळ असल्यामुळे उंचीचे ना हरकत प्रमाणपत्र येथे महत्त्वाचे आहे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत विकासकाकडून घेऊन तिचा क्रमांक बेलापूरच्या सिडको भवनात पडताळून पाहावा; डोंबिवलीने शिकविलेला धडा हाच आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पास महारेराची नोंदणी आवश्यक असते. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

चौथी गोष्ट इमारतीच्या प्रकृतीची. भरावाची जमीन, दमट हवा आणि खाडीचा खारा वारा यांनी सळई लवकर गंजते. खांबांना सळईच्या दिशेने गेलेल्या उभ्या भेगा, तळमजल्यावरील फरशीचे खचणे, सुटलेले सिमेंटचे पापुद्रे ही लक्षणे रंगाच्या हाताखाली लपतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावी लागते. जुने घर घेताना तो अहवाल मागण्यात संकोच नसावा.

दुकान घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट अधिक आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले प्रकरण मेरठच्या शास्त्रीनगरातील निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांचे होते. बांधकामास किती वर्षे झाली, किती पैसा ओतला, अधिकाऱ्यांनी किती काळ डोळेझाक केली, यांपैकी कशानेही अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, असे न्यायालयाने बजावले. इमारतीचे पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पडताळल्यावरच बँकांनी तिच्या तारणावर कर्ज द्यावे, असेही निर्देश दिले. म्हणजे वाहनतळाच्या जागेत भिंती घालून केलेले दुकान आज भाडे देत असेल, पण उद्या त्यावर कर्ज मिळणार नाही, ते विकले जाणार नाही आणि पाडले गेले तर भरपाईचा दावा उभा राहणे अवघड होईल. कर्ज मंजूर झाले म्हणजे सारे निर्धोक, हा समजही सोडून द्यावा. बँक आपल्या वसुलीपुरते पाहते. घरात राहायचे असते ते कुटुंबाला.

दोन तपासण्या, एक प्रश्न

तलावाचे रक्षण आणि घराची तपासणी हे दोन विषय वेगळे वाटतात, पण करंजाड्यात ते एकाच नकाशावर येतात. ज्या भूखंडाचा कागद संशयास्पद असतो तो पुष्कळदा ओहळावर, पूररेषेत किंवा बुजविलेल्या पाणथळीवर असतो. कारण रीतसर परवानगी मिळाली नसती अशीच ती जागा असते. अशा घरांना ग्राहक मिळाला नाही तर भराव टाकणाऱ्याचे भांडवल अडकून पडते. प्रत्येक तलावाजवळ पोलीस उभा करता येत नाही. मात्र पूररेषेचा नकाशा मागणारा ग्राहक दर व्यवहारात उभा राहू शकतो. आपल्याकडे पाणी गाळून वापरण्याची आणि त्यातील जिवांचा विचार करण्याची शिकवण घराघरांत आहे. ज्या तळ्यात मासे, बगळे आणि वेलींचे जग आहे, त्याच्यावर उभे केलेले घर केवळ स्वस्त मिळते म्हणून घ्यावे का, हा प्रश्न त्या शिकवणीतूनच निघतो.

लग्नसराई संपली, वर्षाचा ताळेबंद मिटला की अनेक घरांत मुलाच्या नव्या घराचा विषय निघतो. त्या बैठकीत भाव, मजला आणि दिशा यांबरोबर आणखी दोन कागद मेजावर यावेत : जुना गाव नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. ते दोन्ही मिळविण्यास चार-दोन फेऱ्या पडतील, थोडे शुल्क लागेल. पन्नास-साठ लाखांच्या आणि वीस वर्षांच्या हप्त्यांच्या व्यवहारापुढे हा खर्च किरकोळ आहे. कागद पाहून व्यवहार फिसकटला तरी कुटुंबाचे काही जात नाही. गाढीला पूर येईल तेव्हा ते कोरड्या जमिनीवर असेल.